मष्णूमास्तरांची मिशी आणि कपातला बदाम

मष्णूमास्तर गावडे कोपऱ्यावरून वळले की आधी मिशी वळायची आणि मग मास्तर, असं निपाणीत लोक म्हणत. त्यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण फार नसेल. दोन्ही टोकांना वर चढलेले आकडे, मधे गच्च रान, आणि त्या रानाखाली वरचा ओठ आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हायस्कुलात ते पी.टी. शिकवत. शिट्टी त्या रानात कुठेतरी शिरायची आणि आवाज बाहेर पडायचा. पोरं शिट्टीला भीत नसत. शिट्टीच्या आधी मिशी थरथरायची, तिला भीत.

ओठाची गोष्ट फक्त मास्तरांना माहीत होती. कॉलेजात असताना गॅदरिंगच्या नाटकासाठी त्यांनी एकदाच मिशी उतरवली होती. आरशात पाहिलं तर समोर नंदगडला दिलेली मंजूळामावशी उभी. तोच पुढे आलेला ओठ, तीच किंचित रुसलेली ठेवण. आता ही 'मष्ण्या, जेवलास काय रं?' म्हणून विचारणार, असा भास झाला. मास्तर नाटक सोडून त्याच संध्याकाळी खानापूरकडच्या आपल्या गावी पळाले आणि मिशी परत नीट उगवेपर्यंत तोंडाला मफलर गुंडाळून राहिले, ऐन उन्हाळ्यात. त्यानंतर वस्तऱ्याला मिशीच्या आसपास फिरकू दिलं नाही. लग्नात तर मिशीच आधी बोहल्यावर चढली.

असा हा माणूस कॉफीच्या नादी लागेल असं कुणाला वाटलं नव्हतं. निवृत्तीनंतर बेंगळूरला नोकरी करणाऱ्या लेकीनं, आरोहीनं, एक मोठं खोकं पाठवलं. आतून चकचकीत यंत्र निघालं, देव्हाऱ्याएवढं. एका बाजूला वाफेची बारीक नळी, हत्तीनं सोंड खाली सोडावी तशी. लेकीनं पाठवलेलं म्हणून गुणाबाईंनी आधी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मग विचारलं,

"हे काय करतंय?"

"कॉफी," मास्तर म्हणाले.

"मग इतकी वर्षं मी काय करत हुतो? काढा?"

गुणाबाईंचं माहेर नंदगडच्या बाजूचं, जिथं बायकाही 'मी आलो' म्हणतात. बोलणं तोडून टाकणारं आणि हात सढळ. त्यांच्या घरात एक नियम देवाच्या वरचा होता. उंबरा ओलांडून आत आलेलं दूध चुलीवर चढून खळखळा उकळल्याशिवाय कुणाच्या तोंडी जायचं नाही. पाहुण्याच्या तर नाहीच नाही. सकाळी रवळू गवळी म्हशीचं दूध घालून सायकलला टांग मारायचा. त्याची घंटी गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत दूध गॅसवर असायचं. मग पातेलं जाळीखाली दुपारपर्यंत ओट्यावरच, कारण साय जाड धरली पाहिजे. त्या सायीचं तूप गल्लीत प्रसिद्ध होतं. फ्रिजमध्ये दूध जायचं ते साय काढून झाल्यावर, आणि संध्याकाळच्या चहाला तेही संपायचं.

आरोहीनं फोनवर शिकवणी सुरू केली.

"आप्पा, थंड दूध घ्यायचं. नळीचं टोक दुधात जरासंच बुडवायचं. सुरुवातीला कागद फाडल्यासारखा आवाज येईल. तेवढी हवा पुरे. मग टोक थोडं खाली न्यायचं, दुधाचा जग तिरका धरायचा, म्हणजे दूध भोवऱ्यासारखं फिरतंय. जग हाताला सोसेना झाला की बंद. वर फेस दिसता कामा नये. दूध ऑइलपेंटसारखं चमकायला पाहिजे."

"आणि चित्र?"

"ओतताना आधी वरून बारीक धार, म्हणजे दूध कॉफीच्या खाली जाईल. कप अर्धा भरला की जगाचं तोंड कॉफीला टेकवायचं. पांढरा गोल येतोय. शेवटी जग जरा उचलायचा आणि धार मधनं ओढून घ्यायची. झाला हार्ट."

"पत्त्यात त्याला काय म्हणत्यात?"

"बदाम."

"मग बदामच म्हण की. उगं इंग्लिश कशाला?"

मास्तरांनी बाह्या सरसावल्या, पाय खांद्याइतके फाकवले, नळी दुधात घातली आणि बटण फिरवलं. यंत्रानं अशी काही किंकाळी फोडली की परसातल्या गुणाबाई हातातलं धुणं टाकून धावत आल्या.

"कुकर कधी लावलासा? किती शिट्ट्या झाल्या?"

कपात साबणाच्या पाण्यासारखे टपोरे बुडबुडे जमले, आणि मास्तर डोळे बारीक करून पाहत राहिले तोवर एकेक फुटून गेले. नळीच्या टोकाला सायीचा एक तुकडा लोंबत होता. मास्तरांनी तो बोटानं काढून खाल्ला आणि उद्या पाहू म्हणाले.

उद्या, परवा, तेरवा, सगळं तसंच. लेकीला ते सांगायचे, "सगळं बरोबर करतोय बघ." ती विचारायची, "दूध थंड आहे ना आप्पा?" ते जाळीखालच्या पातेल्यात करंगळी बुडवून सांगायचे, "एकदम थंड." त्या घरात बोट भाजत नाही ते दूध थंडच समजलं जायचं. त्यात खोटं काही नव्हतं.

सकाळी फिरून झालं की हायवेच्या कडेच्या चहाच्या गाड्यावर त्यांची बैठक असे. मास्तर, भरमा कांबळे आणि नागेंद्र. तिघंही एकाच हायस्कुलातून निवृत्त झालेले. भरमाअण्णा विज्ञान शिकवायचे. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते, भरमाअण्णांनी दिव्याखाली पुस्तकं वाचून पोरांना वायू आणि द्रव शिकवले, आणि तोंड मात्र वखारीतल्या बायकांकडून शिकून आलेले. टोमणा मारायला त्यांना निमित्त लागत नसे. नागेंद्र कन्नडचे मास्तर, शांत माणूस. भांडण पेटलं की 'सुम्न्या रहा की' म्हणून दोघांना गप्प करायचे आणि तेवढ्या वेळात त्यातल्या एकाची खारी खाऊन टाकायचे.

मास्तर रोज आपल्या कपाचा फोटो दाखवत. भरमाअण्णा चष्मा कपाळावर चढवून पाहत.

"हे वांगं काय रं?"

"बदाम हाय."

"आणि हे कालचं? हे तर सीमाभागाच्या नकाशागत दिसतंय. ह्याचा निकाल कुठल्या कोर्टात लावायचा, नागेंद्र?"

"मला विचारू नका. मी दोन्हीकडचा चहा पितो," नागेंद्र म्हणाले.

"मष्णू, अरं चाळीस पोरांना तू एका शिट्टीवर डावीकडं फिरवलंस. वाटीभर दूध फिरंना तुझ्यानं?"

हा वार वर्मी बसला. गाड्यावरचा चहावाला हसला, त्याचं गिऱ्हाईक हसलं, आणि मिशी थरथरली.

"फिरवून दाखवतो. बदाम काढून दाखवतो."

"न्हाय निघाला तर?"

मास्तरांनी काय बोलतोय याचा विचार केला नाही. करणाऱ्यांपैकी ते नव्हतेच.

"तर मिशी उतरवीन!"

नागेंद्रांच्या हातातली खारी चहात विरघळून बुडाली. भरमाअण्णांनी कपाळावरचा चष्मा खाली नाकावर घेतला.

"कधीपतोर?"

"पंधरा ऑगस्टच्या आधीचा रविवार. माझ्या घरी. तुम्ही दोघं पंच. पंचांचा निर्णय अंतिम."

पंधरा ऑगस्ट तोंडातून सहज निघाला, आणि घरी येताना मास्तरांना आठवलं की यंदा झेंडावंदनाला शाळेनं प्रमुख पाहुणे म्हणून त्यांनाच बोलावलंय. जुनी पोरं, आता पोटं सुटलेली, सगळी जमणार. त्यांच्यासमोर झेंड्याखाली मंजूळामावशी उभी राहून सलामी देते आहे, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आलं, आणि ते एका म्हशीला धडकता धडकता वाचले.

मग सराव सुरू झाला, आणि सराव म्हणजे मास्तरांच्या दृष्टीनं कवायत. सकाळी न्याहारीआधी ओट्यासमोर सावधान. जग उजव्या हातात, कप डाव्या हातात. गळ्यात जुनी शिट्टी. सुरू करताना एक छोटी, थांबताना एक लांब. शिट्टी, मग यंत्राची किंकाळी, मग परत शिट्टी. शेजारच्या मालुबाई तर गुणाबाईंना म्हणाल्या, "आक्का, तुमच्यात रोज मॅच असती काय ओ?"

दूध मात्र हुकूम ऐकेना. पातेल्यातलं कोमट, सायीचं, एकदा उकळून थकलेलं दूध. वाफ लागल्या लागल्या तापायचं, भोवऱ्याला सवडच मिळायची नाही. मास्तरांनी टोक वर धरलं तर बुडबुडे, खाली धरलं तर किंकाळी. कधी कपात ढग आला, कधी चप्पल. एकदा अगदी बदामासारखं काहीतरी आलं म्हणून ते आनंदानं ओरडले, तर तो सायीचा पापुद्रा निघाला. चमच्यानं उचलला तर अख्खा वर आला.

बिघडलेल्या कॉफ्या टाकायच्या कुठे? गुणाबाई अन्न टाकू देत नसत. त्या सगळ्या मास्तरांनाच प्याव्या लागत. दुपारी त्यांचा डोळा मिटेना. परसातली नारळाची झाडं त्यांनी चुन्यानं रंगवली, मग शेजाऱ्यांची रंगवली. गल्लीतल्या कुत्र्यांना ओळीत बसायला शिकवलं. प्रत्येक घोटाबरोबर मिशीला फेस लागायचा, आणि पुसताना ते तिला हळूच दाबून पाहायचे. आहे अजून.

गुणाबाईंना पैज ठाऊक होती. निपाणीत असं काही झाकून राहत नाही. पण त्या त्यावर काही बोलल्या नाहीत. एकदा फक्त भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मिशीवर पैज लावायची, तर मिशी कुणाची हाय ते तरी इचारायचं."

"माझीच की!"

"तुमची कुठली? तुमाला ती दिसती काय? बघायला आमीच हाय."

मास्तरांनी आणखी एक कॉफी बिघडवली.

तो रविवार आला. मास्तर अंघोळ करून मिशीला तेल लावत आरशासमोर उभे होते. कदाचित शेवटचंच, म्हणून जरा जास्त. तेवढ्यात स्वयंपाकघरात एक घटना घडली, जी त्यांना कळलीच नाही. गुणाबाईंनी पाहुण्यांसाठी शिरा केला, रवळूचं दूध पातेल्यात ओतलं, गॅसवर चढवलं आणि काडी ओढली. निळी ज्योत भप्प करून उठली आणि विझली. सिलिंडर संपला होता. भरलेला दुसरा मालुबाईंनी मागच्या आठवड्यात अडीनडीला नेलेला. गुणाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कच्चं दूध फ्रिजमध्ये ठेवलं, तेही 'जरा जाऊन आल्यावर तापवतो' असं दुधाला सांगून, आणि मागच्या दारानं मालुबाईंकडे सिलिंडर आणायला गेल्या. गेल्या त्या अडकल्या. मालुबाईंच्या सुनेचं डोहाळजेवण ठरत होतं आणि तिथं त्यांच्या मताशिवाय पान हलत नव्हतं.

इकडे पंच आले. भरमाअण्णा खास इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. खिशातून त्यांनी एक छोटी कात्री काढली आणि टीपॉयवर ठेवली.

"ही कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"काय न्हाय. बरोबर असावी. तू काढ बदाम."

"तुम्ही दोघं बाहेर सोप्यात बसायचं. मी हाक मारल्याबिगर आत यायचं न्हाय. तुझी टकळी कानाशी असली की माझा हात हलतोय."

"बरं बाबा. शिरा तरी आत हाय काय बाहेर?"

शिरा बाहेर आला. पंच शिऱ्यात गुंतले आणि मास्तर आत गेले. ओट्यावर जाळी होती, पातेलं नव्हतं. फ्रिज उघडला तर पातेलं आत, गारठून बसलेलं. गुणानं साय काढून ठेवलं असेल, असं समजून त्यांनी जगात दूध ओतलं. जगाला बाहेरून दव फुटलं. मास्तरांनी शिट्टी तोंडात धरली, पण फुंकली नाही. आज हिंमत होत नव्हती.

वाफ सुरू केली. यंत्र किंचाळलं नाही. कागद फाडल्यासारखा आवाज आला, अगदी वहीचं पान हळूच फाडावं तसा. मास्तर दचकले. टोक जरा खाली घेतलं, जग तिरका केला आणि दूध फिरू लागलं. गोल, शांत, एका लयीत. मास्तरांनी पोरांच्या पिढ्या मैदानावर फिरवल्या होत्या, पण इतकं शिस्तीत कुणी फिरलं नव्हतं. जग हाताला चटका देऊ लागला तशी त्यांनी वाफ बंद केली. आत पाहिलं तर एक बुडबुडा नाही. नुकत्याच रंगवलेल्या दारासारखं चकचकीत दूध.

वरून बारीक धार. कप अर्धा. तोंड टेकवलं. पांढरा गोल उमलला, मोठा झाला, वरच्या बाजूला आपणहून खाच पडली. मास्तरांनी श्वास धरून धार मधून ओढून घेतली.

कपात बदाम होता.

पत्त्यातल्यासारखा, भरीव, पांढराशुभ्र, भोवती तपकिरी काठ. मास्तर त्याच्याकडे पाहत उभे राहिले. मग कबड्डीच्या फायनलला देत तशी लांबलचक शिट्टी त्यांनी दिली आणि सोप्यात धावले.

शहाण्या माणसानं या वेळी कप उचलून बाहेर नेला असता. पण हलला तर? आणि दुसरं, असा क्षण घाईत उरकणं मास्तरांच्या रक्तात नव्हतं.

"उठा! एका रांगेत! भरमा पुढं, नागेंद्र मागं."

"अरं शिरा तरी गिळू दे."

"पाय आपटायचे न्हाईत. धक्का बसंल. भरमा, चष्मा पुस. पुसलास? परत पुस. डाग न्हाय ऱ्हायला पायजे."

"नवरीमुलगी बघायला निघालोय काय आपण?" भरमाअण्णा म्हणाले, पण चष्मा पुसला.

"नागेंद्र, हात धू. तुपाचे हात घिऊन बदामाजवळ यायचं न्हाय."

"अय्यो, मी बदामाला हात लावणार न्हाई हो," नागेंद्र म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

या सगळ्या सोहळ्यात जो वेळ गेला, त्या वेळात मागच्या बोळातून गडगडाट ऐकू येत होता. तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. गुणाबाई आणि मालुबाई भरलेला सिलिंडर लोळवत आणत होत्या. गुणाबाईंनी तो जागेवर बसवला, शेगडी पेटवून पाहिली आणि दुधासाठी फ्रिज उघडला. पातेलं अर्धं. ओट्यावर जग, जगात दूध. शेजारी कॉफीचा कप, भरलेला, आणि बाहेर पंचांचे आवाज.

कच्चं दूध! पाहुण्यांना!

गुणाबाईंनी कपाकडे पाहिलं आणि लगेच तो छोट्या पातेल्यात उलटा केला. जगातलं दूधही त्यात ओतलं आणि गॅस मोठा केला. फ्रिजमधलं उरलेलं दूध दुसऱ्या शेगडीवर चढवलं. कप विसळून पालथा घातला. मग त्यांना बरं वाटलं.

"सावधान!" दारातून आवाज आला. एका रांगेत तिघं आत आले. मास्तरांनी हात पसरून ओट्याकडे दाखवलं, आणि हात तसाच राहिला.

ओट्यावर काही नव्हतं. शेगडीवर तपकिरी दूध फसफसत वर चढत होतं. तिघांच्या देखत ते काठावर आलं, क्षणभर थांबलं आणि उतू गेलं.

"उतू गेलं. चांगलं असतंय," नागेंद्र सवयीनं म्हणाले.

मास्तरांच्या तोंडातून शिट्टी गळून पडली.

"गुणा, कप कुठाय?"

"धुतला."

"धुतला?"

"मग? कच्च्या दुधाची कॉफी पाव्हण्यांस्नी देणार हुता व्हय तुमी? बरं झालं मी आलो."

"अगं, त्यात बदाम हुता!"

"बदाम घातला असला तर उकळल्यावर आणि चांगला लागंल."

भरमाअण्णा ओट्याला धरून खाली बसले. चष्मा हातात, डोळ्यांतून पाणी. बराच वेळ त्यांच्या तोंडून नुसतं "मेलो, मेलो" एवढंच येत होतं. मास्तर शेगडीवरच्या पातेल्यात डोकावून पाहत होते, जणू अजून तळाशी काही सापडेल.

त्यांनी लेकीला फोन लावला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आप्पा, आज दूध कुठलं घेतलं होतं?"

"फ्रिजमधलं. कच्चं निघालं ते."

"आणि इतके दिवस?"

"आईनं तापवलेलं. ओट्यावरचं."

"सायीसकट?"

"व्हय."

मग आरोही म्हणाली, "आप्पा, मी थंड म्हणाले होते."

"थंडच हुतं की. बोट भाजत नव्हतं."

"परत काढ मग," भरमाअण्णा डोळे पुसत म्हणाले. आता त्यांनाही बदाम पाहायची उत्सुकता लागली होती. पण दुसऱ्या शेगडीवरचं दूध एव्हाना खळखळत होतं, आणि रवळू आता उद्याच येणार होता.

"परत न्हाय," मास्तर म्हणाले. "रविवार म्हणजे रविवार. वेळ संपल्यावर मी कुठल्या पोराला परत खेळवलं न्हाय. पंचांनी निर्णय द्यावा."

भरमाअण्णा आणि नागेंद्र एकमेकांकडे पाहू लागले. भरमाअण्णा हळूच सोप्यात जाऊन टीपॉयवरची कात्री खिशात घालून आले.

"बघितला न्हाय त्यो बदाम मान्य कसा करायचा?" ते म्हणाले. "पर साक्षीदार हाय. वैनी, तुमी कप बघितलासा नव्हं? खरं सांगायचं. त्यात काय हुतं?"

सगळ्यांचे डोळे गुणाबाईंकडे लागले. गुणाबाई खोटं बोलत नाहीत, हे निपाणीत भाजीवाल्यालाही माहीत होतं.

"हुतं काय तर पांढरं," गुणाबाई म्हणाल्या.

"बदाम हुता काय?"

गुणाबाईंनी डोळे मिटून आठवलं.

"बदाम न्हाय. इस्पिक हुता."

"इस्पिक?" मास्तर किंचाळले, यंत्रासारखे.

"व्हय. टोक वर, गोल बाजू खाली, आणि खाली जरा दांडी. मला पत्ते कळत न्हाईत व्हय?"

मास्तरांचा चेहरा पडला. मग नागेंद्र, जे आयुष्यात फार थोड्या वेळा पुढे आले होते, पुढे आले.

"वैनी, तुमी कुठनं बघितलं?"

"हितनं. फ्रिजपासनं."

"आणि मास्तर, तुमी?"

"ओट्यापुढनं."

"मग? मास्तरांच्या बाजूनं बदाम, वैनींच्या बाजूनं इस्पिक. कप एकच."

"दांडी कुठली मग?" भरमाअण्णांनी विचारलं.

"वरची खाच. तिकडनं ती दांडी दिसती," मास्तर घाईघाईनं म्हणाले.

यावर दोन्ही पंच सोप्यात गेले आणि दार लोटून घेतलं. आतून वाद ऐकू येत होता. बदाम म्हणजे बदाम, तो चारी बाजूंनी बदाम असला पाहिजे, असं एकजण म्हणत होता. तसा तर चौकटसुद्धा चारी बाजूंनी चौकट नसते, असं दुसरा म्हणत होता. मधूनच शिऱ्याची ताटली वाजत होती. मास्तर ओट्याजवळ मिशीवर हात ठेवून उभे होते. गुणाबाईंनी त्यांच्यासमोर उकळलेल्या कॉफीची वाटी ठेवली. बदाम त्यातच होता, कुठंतरी. त्यांनी ती तळापर्यंत रिकामी केली.

दार उघडलं. भरमाअण्णांनी घसा साफ केला.

"पंचांचा निर्णय. बदाम अर्धा सिद्ध झाला. सबब मिशी अर्धी जाणार."

"अर्धी म्हंजे? डावी का उजवी?" मास्तर घाबरून ओरडले.

"तसली अर्धी न्हाय, येड्या. दोन्हीकडचे आकडे जातील, रान निम्मं पातळ हुईल. ओळ ऱ्हाईल."

विक्रमच्या सलूनमध्ये दुपारी गल्लीतली निम्मी माणसं आली होती. विक्रम शाळेत असताना मास्तरांनी त्याला उन्हात उभं केलं होतं, त्यामुळे त्याची कात्री मिशीजवळ येऊन परत मागे जात होती, आणि मास्तर म्हणत होते, "हात सरळ. मान सरळ. श्वास सोड." आकडे पडले. रान विरळ झालं. आरशात एक बारीक, नीटस मिशीचा माणूस उगवला, आणि त्या मिशीखाली, लख्ख उजेडात, मंजूळामावशीचा ओठ.

मास्तर मफलर शोधू लागले. विक्रमकडे टॉवेल होता, तो तोंडावर धरून ते घरी आले.

गुणाबाई सोप्यात गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"टॉवेल काढा."

मास्तरांनी काढला. गुणाबाईंनी त्यांना बराच वेळ न्याहाळलं.

"मावशीचा ओठ हाय," त्या म्हणाल्या.

"तुला कसं ठाऊक?"

"बघायला आलतासा तवाच दिसलंतं. पोहे खाताना मिशी पुसत हुतासा. आईला म्हटलं, पोराचा ओठ मंजूळाकाकूसारखा हाय, रुसलेला दिसतोय. आई म्हणाली, मंजूळाकाकू रुसलेली असली तरी सगळ्यांत मायाळू तीच." गुणाबाई परत गव्हाकडे वळल्या. "लग्नापतोर तिचं रान झालं, पर तवा मिशी अशीच हुती. बारकी."

मास्तरांनी टॉवेलाची घडी घातली आणि ते शेजारी गहू निवडायला बसले.

पंधरा ऑगस्टला शाळेच्या फाटकावर नव्या शिपायानं प्रमुख पाहुण्यांनाच अडवलं. "मोठ्या मिशीचे मष्णूमास्तर यायचे हाईत, बाजूला व्हा," असं तो त्यांना सांगत होता. शेवटी मास्तरांनी खिशातून शिट्टी काढून फुंकली, तेव्हा मैदानावरची जुनी पोटं आपोआप सावधान झाली. पहिल्या रांगेतून भरमाअण्णा मोठ्यानं म्हणाले, "आवाज तोच हाय! घ्या आत!"

घरात एक तह झाला. रवळूचं दूध पहिल्यासारखंच उंबरा ओलांडून चुलीवर चढतं, खळखळा उकळतं. तिथे तडजोड नाही. मग साय काढून, गाळून, मास्तरांच्या वाटणीचं फ्रिजमध्ये जातं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. उकळून पूर्ण गारठलेलं दूधही छान फिरतं, हे आरोहीनं सांगितलं होतं आणि तसंच निघालं. शिट्टी फक्त शेवटी, एक छोटी.

सकाळी मास्तर दोन कप करतात. एक स्वतःला, एक गुणाबाईंना. कप त्यांच्यासमोर ठेवून ते उभे राहतात, पाय खांद्याइतके फाकवून, वाट पाहत. गुणाबाई कपात डोकावतात. मग एका बोटानं कप हळूहळू फिरवतात, अर्ध्या गोलापर्यंत, टोक आपल्याकडे येऊन इस्पिकाचा बदाम होईपर्यंत, आणि मग पितात.